खोकल्याचे सिरप नेमके कशात विरघळलेले असते?

२०२५ च्या ऑगस्टअखेरपासून छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात लहान मुले एकामागून एक आजारी पडू लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने व्हायची. औषध सुरू व्हायचे, ताप उतरायचा, आणि मग मुलाची लघवी कमी होत होत बंद पडायची. त्यातली बरीच मुले सौंसर-सावनेर मार्गाने आपल्या नागपुरात आणली गेली. कुणी मेडिकलमध्ये, कुणी एम्समध्ये, कुणी खासगी रुग्णालयात दाखल झाले. डायलिसिस झाले, व्हेंटिलेटर लागले. तरीही वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांखालची होती.

आधी संशय पाण्यावर गेला, मग उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवर. पण या मुलांना जोडणारा धागा निघाला एका बाटलीचा. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल कंपनीचे कोल्ड्रिफ हे सिरप, बॅच क्रमांक एसआर-१३. तामिळनाडूच्या औषध प्रयोगशाळेला त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव ४८.६ टक्के आढळला, मध्य प्रदेशच्या प्रयोगशाळेला ४६ टक्क्यांच्या आसपास. परवानगी असते ०.१ टक्क्याची, तीसुद्धा कच्च्या मालातली अटळ अशुद्धी म्हणून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याचा इशारा दिला. पुढे कंपनीच्या मालकाला अटक झाली आणि परवाना रद्द झाला.

बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. पण त्यानंतर दवाखान्यात येणारे आईवडील जो प्रश्न विचारतात त्याचे उत्तर बातम्यांत सापडत नाही. "डॉक्टर, गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये घालतात ते मुलांच्या औषधात आलेच कसे? औषधात असल्या द्रवाची गरजच काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर कळले की कोणत्या औषधाला घाबरायचे आणि कोणत्या नाही, हेही बरेचसे कळते. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र लागेल, पण ते स्वयंपाकघरातलेच आहे.

तर्री वर का तरंगते?

तर्री-पोह्यांच्या गाडीवर पातेल्यात डोकावून बघा. लाल रंग सगळा वरच्या तेलात असतो, खालचा रस्सा त्या मानाने फिका. तिखटाचा रंग आणि त्याचा झणझणीतपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. सावजी जेवणानंतर जिभेची आग पाण्याने विझत नाही, दही-दुधाने विझते, तेही बरेचसे याच कारणाने. उलट मीठ आणि साखर पाण्यात क्षणात नाहीशी होतात, पण तेलात कितीही ढवळा, तळाशी बसून राहतात.

याचे कारण रेणूंच्या घडणीत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन विजेचा भार आपल्याकडे थोडा ओढून घेतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन. रेणूला जणू दोन टोके येतात. याला ध्रुवीयता म्हणतात. तेलाच्या रेणूत असा भार जवळपास सगळीकडे सारखा पसरलेला असतो, म्हणून तो अध्रुवीय. ध्रुवीय पदार्थ ध्रुवीय द्रवात विरघळतो, अध्रुवीय पदार्थ अध्रुवीय द्रवात. समानशीलांची मैत्री म्हणा हवे तर.

पण सगळे द्रव या दोन टोकांनाच नसतात. मध्ये भली मोठी उतरंड आहे. ती मोजायला डायइलेक्ट्रिक स्थिरांक नावाचा एक आकडा वापरतात. ध्रुवीयतेचे ते पूर्ण माप नव्हे, पण अंदाज चांगला देतो. पाण्याचा आकडा ८० च्या आसपास आहे. ग्लिसरीन ४० च्या थोडे वर, अल्कोहोल २५ च्या जवळ, नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन २० च्या आसपास, आणि पेट्रोलसारखे द्रव अगदी तळाशी, २ च्या जवळ. या उतरंडीवर ३२ च्या आसपास एक द्रव बसतो, त्याचे नाव प्रोपिलीन ग्लायकॉल. आपल्या गोष्टीतला चांगला माणूस तो. आणि त्याच पायरीवर, जवळजवळ त्याच आकड्यावर, दुसरा एक बसतो, डायएथिलीन ग्लायकॉल. त्याच्याकडे परत येऊ.

पॅरासिटामॉलला पाणी पुरत नाही

पॅरासिटामॉलचा रेणू मधल्या स्वभावाचा आहे. काही भाग पाण्याशी जमवून घेणारा, काही भाग पाण्याला टाळणारा. साध्या तापमानाला एक मिली पाण्यात ते सुमारे १४ मिलिग्रॅम विरघळते, फार नाही. आता तुमच्या घरातली बाटली बघा. त्यावर लिहिले असेल, दर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलीत २५ किंवा ५० मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे पाण्याच्या ताकदीच्या सातपट. नुसत्या पाण्यात हे औषध मावणारच नाही. सुरुवातीला गरम करून विरघळवले तरी थंडीच्या दिवसांत त्याचे खडे तळाशी बसतील. मग वरच्या चमच्यात औषध कमी आणि शेवटच्या चमच्यात भलतेच जास्त. मुलाच्या यकृतासाठी हा प्रकार धोक्याचा आहे.

यावर औषध कंपन्यांकडे दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग, न विरघळलेल्या औषधाची बारीक पूड घट्टसर द्रवात तरंगत ठेवायची. याला सस्पेन्शन म्हणतात. ते गढूळ दिसते आणि बाटलीवर "वापरण्यापूर्वी चांगले हलवा" असे लिहिलेले असते. ही सूचना शोभेची नाही. हलवले नाही तर डोस चुकतो.

दुसरा मार्ग, पाण्यात असा एखादा द्रव मिसळायचा जो पाण्याशीही जमवून घेईल आणि औषधाच्या पाणी टाळणाऱ्या भागाशीही. याला सहद्रावक म्हणतात. अल्कोहोल हे काम उत्तम करते. जुन्या काळच्या कितीतरी औषधांत ते असायचे, पण मुलांना अल्कोहोल कोण देणार? म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रावक आले. औषधी दर्जाचे असतील आणि योग्य प्रमाणात असतील तर ते सुरक्षित आहेत. जगभर अनेक दशके वापरात आहेत. बाटलीतले आरपार स्वच्छ, गोडसर, किंचित दाट सिरप दिसते ते त्यांच्यामुळे. तेव्हा "सिरपमध्ये रसायन घालतात" हे ऐकून दचकू नका. औषध विरघळवायला काहीतरी घालावेच लागते. प्रश्न एवढाच की ड्रमवर जे नाव आहे तेच ड्रमच्या आत आहे का.

दोन सारखे द्रव

प्रोपिलीन ग्लायकॉल रंगहीन, जवळजवळ गंधहीन, चवीला गोडसर, हाताला किंचित चिकट आहे. पाण्यात कितीही प्रमाणात मिसळते. डायएथिलीन ग्लायकॉलचे वर्णन करायचे तर हेच वाक्य शब्दशः पुन्हा लिहावे लागेल. दोघांच्याही रेणूंत पाण्याला आवडणारे दोन-दोन हायड्रॉक्सिल गट आहेत, दोघांची ध्रुवीयता जवळजवळ सारखी. त्यामुळे पॅरासिटामॉल दोघांतही छान विरघळते. सिरप दोन्ही वेळा सारखेच स्वच्छ दिसते, सारखेच गोड लागते. तळाशी काही बसत नाही, वर काही तरंगत नाही.

मला वाटते, या सगळ्या प्रकरणातली समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. भेसळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुधातले पाणी किंवा हळदीतला पिवळा रंग येतो. चवीत, रंगात, कुठेतरी ती पकडली जाते. इथे विषाने औषध बिघडवलेले दिसत नाही, ते औषध उत्तम विरघळवते. बाटलीचे ४८ टक्के म्हणजे अशुद्धीचा अंश म्हणता येईल असे काही नाही, तो द्रावकाच्या जागेवर बसलेला दुसरा द्रावक आहे. म्हणून परासियातल्या कुठल्याही आईला ते ओळखता येणे शक्य नव्हते. औषध विकणाऱ्यालाही बाटली उजेडात धरून ते कळले नसते, आणि मला किंवा माझ्या कुठल्या सहकाऱ्यालाही नाही. ज्या घरांत हे घडले तिथे "आपण नीट बघितले असते तर" हा विचार लोकांना आतून खातो. तो विचार खोटा आहे.

डायएथिलीन ग्लायकॉल कारखान्यांत लागते. ब्रेक ऑइल, गोठणरोधक, रेझिन, शाई यांत त्याचा उपयोग होतो. औषधी दर्जाच्या प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा ते स्वस्त पडते. कारखान्यातून निघालेला ड्रम घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून छोट्या व्यापाऱ्याकडे आणि मग औषध कंपनीकडे जातो. वाटेत कुठेही लेबल बदलले किंवा औद्योगिक दर्जाचा माल औषधी म्हणून खपवला, की पुढच्यासाठी तो द्रव "प्रोपिलीन ग्लायकॉल"च. कोल्ड्रिफच्या तपासातही औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल वापरल्याचे समोर आले.

शरीरात गेल्यावर काय होते

जे गुण या द्रवाला चांगला द्रावक बनवतात, तेच त्याला शरीरात सगळीकडे पोहोचवतात. पाण्यात सहज मिसळणारा असल्याने तो आतड्यातून पटकन रक्तात जातो. यकृत त्याचे तुकडे करते आणि त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. खरा घातक हाच. मूत्रपिंडात रक्त गाळल्यावर उपयोगी पदार्थ परत शोषून घेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशींत हे आम्ल साठते आणि पेशी मरतात. प्रोपिलीन ग्लायकॉलचेही यकृतात तुकडे होतात, पण त्यातून लॅक्टिक आम्ल बनते, जे आपल्या स्नायूंत रोजच तयार होते आणि शरीराला ते हाताळायची सवय आहे. एकाच पायरीवर बसलेल्या दोन द्रवांचे पुढचे प्रवास इतके वेगळे.

चित्र साधारण असे असते. पहिल्या दिवशी-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, सुस्ती. हे सगळे सर्दी-तापातही होतेच, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग एक ते तीन दिवसांत लघवी घटते, चेहरा-पाय सुजतात, रक्तात आम्ल वाढल्याने श्वास खोल आणि जलद होतो. पुढे चेहऱ्याचे, हातापायांचे स्नायू लुळे पडू शकतात, मूल बेशुद्ध होऊ शकते.

आता हिशेब करून बघा. ४८.६ टक्के म्हणजे १०० मिलीत ४८.६ ग्रॅम. ५ मिलीच्या एका चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम विष. दहा किलोच्या मुलाने तीन-चार दिवसांत ६० मिलीची बाटली संपवली तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीन ग्रॅम. हैतीमध्ये १९९५-९६ साली अशाच दूषित पॅरासिटामॉल सिरपने ऐंशीहून अधिक मुले गेली होती. तिथल्या अभ्यासात आजारी मुलांच्या पोटात गेलेली मात्रा किलोमागे मध्यमानाने दीड मिलीपेक्षाही कमी निघाली. त्या मानाने आपल्या शेजारी काय घडले असेल, याची कल्पना येते.

उपचार आहेत, पण वेळेशी शर्यत असते. यकृतात विषाचे तुकडे होऊ न देणारे फोमेपिझोल हे औषध लवकर दिले तर उपयोगी पडते, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. डायलिसिसने विष आणि आम्ल दोन्ही काढता येतात. मूत्रपिंडाच्या नळ्या मेल्यानंतर मात्र डायलिसिस फक्त वेळ मिळवून देते.

हे पहिल्यांदा घडलेले नाही

१९३७ साली अमेरिकेत सल्फॅनिलामाइड नावाचे नवे जंतुनाशक औषध गोळ्यांत मिळत होते. ते पाण्यात विरघळेना, अल्कोहोलमध्येही विरघळेना. एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते असे आढळले. त्याने त्यात रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीने रंग, वास, चव तपासली. पोटात गेल्यावर काय होईल ते कुणी तपासले नाही, तेव्हाच्या कायद्याला ते लागतही नव्हते. शंभराहून अधिक माणसे मेली. कंपनीवर कारवाई करता आली ती कशावर, तर औषधाला "एलिक्सिर" म्हटले होते आणि एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असावे लागते, ते त्यात नव्हते! पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषध बाजारात येण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवण्याचा कायदा केला.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यांतला दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडाने ग्लिसरीन दिले जात होते, आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषध खरेदी, परवाने, औषध प्रशासन आणि मंत्रालय यांतल्या साखळीवर त्यांनी अत्यंत कडक शब्दांत बोट ठेवले. तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी हे शाळकरी वयात नुसते कानावरून ऐकले. आजच्या तरुण आईबापांना तर ते ठाऊक असण्याचे कारणच नाही, पण सरकारी कपाटांत तो अहवाल आहे.

त्यानंतर १९९८ मध्ये गुरुग्राम परिसरात मुले गेली, २०१९-२० मध्ये जम्मूच्या रामनगरमध्ये, २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या सिरपमुळे गांबिया आणि उझबेकिस्तानमध्ये. प्रत्येक ठिकाणी द्रव तोच किंवा त्याचा धाकटा भाऊ एथिलीन ग्लायकॉल, आणि बळी बहुतेक लहान मुले. गांबियानंतर केंद्र सरकारने जून २०२३ पासून निर्यात होणारी खोकल्याची सिरपे आधी ठरावीक प्रयोगशाळांत तपासून घेण्याची सक्ती केली. इथे मला राहवत नाही म्हणून लिहितो. परदेशात जाणाऱ्या बाटलीला बाहेरची तपासणी, आणि परासियाच्या किंवा आपल्या पारशिवनीच्या दुकानात येणाऱ्या बाटलीची मदार कंपनीच्या स्वतःच्या शब्दावर, ही व्यवस्था दोन वर्षांहून अधिक काळ चालली.

तपासणी अवघड आहे का?

नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्राने हे दोन द्रव स्पष्ट वेगळे करता येतात आणि ०.१ टक्क्याइतका अंशही सापडतो. पातळ थराची क्रोमॅटोग्राफी ही त्याहून स्वस्त पद्धत आहे. तिने एवढी मोठी भेसळ नक्की दिसली असती. आणखी एक साधी गोष्ट सांगतो. एक लिटर शुद्ध प्रोपिलीन ग्लायकॉलचे वजन सुमारे १०३६ ग्रॅम भरते, डायएथिलीन ग्लायकॉलचे सुमारे १११८ ग्रॅम. ड्रममध्ये पूर्णपणे दुसराच द्रव आला असेल तर लिटरचे माप आणि चांगला तराजू एवढ्यावरही संशय यावा. तेव्हा ज्या बाटलीत जवळपास अर्धे विष निघाले तिच्याबाबत "तपासणी कमी पडली" असे म्हणणे मला पटत नाही. तपासणी झालीच नव्हती असेच त्याचा अर्थ सांगतो. नियम तर आहेतच, कच्च्या मालाची आणि तयार मालाची प्रत्येक बॅच तपासायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून याच नियमाची पुन्हा आठवण करून दिली.

एक विनंती. बाटलीचा आकडा वाचून घरी सिरपचे वजन करू नका. सिरपमध्ये साखर, पाणी, औषध असे बरेच काही असते, त्यातून काही कळणार नाही. सिरप जाळून, गोठवून किंवा चाखून विष ओळखण्याचे व्हिडिओ फिरत असतात, तेही निरुपयोगी आहेत. त्यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे "तपासले, ठीक आहे" असे खोटे समाधान.

मग घरी काय करायचे?

पहिली गोष्ट, खोकला-सर्दीच्या मिश्र सिरपची लहान मुलांना बहुतेक वेळा गरजच नसते. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन होते. यातल्या शेवटच्या दोघांची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितले की खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखाली देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. म्हणजे बाटलीत विष नसते तरी यातल्या बहुतेक मुलांना तिची गरज नव्हती. मुलांची बहुतेक सर्दी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. खोकला मात्र दोन आठवडे रेंगाळू शकतो. तो रेंगाळला की आपला धीर सुटतो, आणि खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांवरही "काहीतरी लिहून द्या" याचे दडपण येते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी सिरप लिहिले नाही तर त्यांनी नीट बघितले नाही असे समजू नका.

त्याऐवजी नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, वरण-भाताचे पाणी, अंगावर पिणाऱ्याला आईचे दूध वारंवार. एक वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा ते एक चमचा मध. एक वर्षाखाली मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तापासाठी पॅरासिटामॉल लागले तर द्या, त्याला घाबरून मुलाला तापात तळमळत ठेवू नका. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला १२५ मिलिग्रॅमच्या सिरपचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, हा साधारण हिशेब. ड्रॉप्सचे सिरपसारखे माप करू नका. ड्रॉप्स कितीतरी तीव्र असतात, आणि ड्रॉप्सच्या बाटलीतून चमचाभर दिल्याने होणारी चूक काही कमी घरांत होत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरचे औषध न देता थेट डॉक्टरांकडे.

मोठ्या मुलाला गोळी गिळता येत असेल, किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळत असेल, तर डॉक्टरांना तसे विचारा. कोरड्या गोळीत द्रव द्रावक नसतो, त्यामुळे हा विशिष्ट धोका टळतो. पण मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका. गढूळ सस्पेन्शन स्वच्छ सिरपपेक्षा सुरक्षित, असाही समज करून घेऊ नका, त्यातही ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असू शकते.

औषध घेताना बिल घ्या. बाटलीवरचे कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मूल पूर्ण बरे होईपर्यंत बाटली फेकू नका. परासियात कोडे सुटले ते बॅच क्रमांकामुळे. मागच्या वर्षीची उरलेली बाटली मात्र या वर्षी काढू नका, शेजारच्या मुलाची तर नाहीच.

औषध सुरू असताना लघवीकडे लक्ष ठेवा. दिवसा किती वेळा झाली, लंगोट किती वेळा ओला झाला, एवढे पुरे. मूल पाणी-दूध पीत असूनही आठ तास लघवी झाली नाही, किंवा उलट्या थांबत नाहीत, चेहऱ्यावर सूज दिसते, मूल फार सुस्त झाले आहे, श्वास धापा टाकल्यासारखा जलद चालला आहे, तर सिरप थांबवा आणि सकाळची वाट न बघता लहान मुलांचे डायलिसिस होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जा. औषधाच्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या आणि "हे औषध इतक्या तारखेपासून दिले आहे" हे स्वतःहून सांगा, डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका. लघवी कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा शरीरातले पाणी कमी होणे हेच निघेल. ते सलाइनने सुधारते, त्यामुळे उगाच आलो असे वाटून घेऊ नका.

औषधाबद्दल शंका आली तर बाटली अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात देता येते. त्यांच्या टोल-फ्री क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रार देताना बिल असेल तर ती बॅच कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून आली हे त्यांना लवकर शोधता येते, आणि त्याच खोक्यातल्या उरलेल्या बाटल्या दुकानांतून उचलता येतात.